बेळगावच्या पालिकेला कुलूप, गल्लीला काळोख

गोमंतकातल्या शेतकरी, कूळ-मुंडकार आणि दर्यावर पोट असलेल्या बंधुभगिनींनो,

चोर्ला घाट चढला की कणकुंबी लागते, पुढे जांबोटी आणि मग बेळगाव. आपल्या बाजारात येणारी वांगी, कोबी, मिरची ह्याच वाटेने खाली उतरते. आपल्या जेटीवरचा बांगडा आणि तारली बर्फात बसून ह्याच वाटेने वर जाते. इतकी रोजची ही सोयरीक! पण ज्या गावची भाजी आपल्या ताटात पडते, त्या गावच्या माणसाला आपल्या गल्लीचे तुंबलेले गटार साफ करून घ्यायला कोणाच्या दारात उभे राहावे लागते, त्या दारावर लावलेली नोटीस त्याला वाचता येते की नाही, आणि त्या दाराला गेल्या वीस वर्षांत किती वेळा कुलूप लागले, हे आपल्याला ठाऊक नसते. आज तेच सांगायचे आहे.

सीमाप्रश्न म्हटला की मोठे शब्द कानावर पडतात. महाजन अहवाल, सर्वोच्च न्यायालयातला दावा, ८६५ गावे. हे शब्द खोटे नव्हेत. पण सीमाभागातल्या माणसाला दिल्ली रोज भेटत नाही. त्याला रोज भेटते ती पालिका. नळाला पाणी आले की नाही, घरपट्टी किती वाढली, स्मशानाची वाट कोणी अडवली, शिवारातला नाला कोणी बुजवला, हे सारे पालिकेच्या दारात ठरते. म्हणून सीमाबांधवाची खरी कैफियत ऐकायची असेल तर ती सभेच्या व्यासपीठावरून ऐकू नये. त्याच्या वॉर्डात जाऊन ऐकावी.

आम्हांला विचारले, त्यांना नाही

आधी आपल्याच अंगणातली एक आठवण काढू. १६ जानेवारी १९६७ रोजी गोमंतकीयाने जनमत कौलात मत दिले. एका बाजूला फूल, दुसऱ्या बाजूला दोन पाने. विलीनीकरणाला १,३८,१७० मते पडली, संघप्रदेशाला १,७२,१९१. विलीनीकरणाची बाजू ३४,०२१ मतांनी पडली. जखम खोल होती. पण कौल तो कौल, तो मानला गेला. पुढे ३० मे १९८७ रोजी गोवा घटकराज्य झाले. ह्या साऱ्यात एक गोष्ट कोणी नाकारू शकत नाही. गोमंतकीयाला विचारले गेले. पेडण्याच्या कुळाला विचारले, काणकोणच्या पाग्याला विचारले, साष्टीच्या भाटकारालाही विचारले. प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी आली आणि प्रत्येक चिठ्ठीचे मोल सारखे होते.

बेळगावला कधी विचारले? कधीच नाही!

बेळगावच्या नगरपालिकेने १९४८ सालीच मागणी केली होती की हा मराठी बहुसंख्येचा मुलूख होऊ घातलेल्या संयुक्त महाराष्ट्रात घालावा. तेव्हा ना कोणाची लाठी होती, ना कोणाची भीती. लोकांनी निवडलेल्या सभासदांनी सरळ मनाने केलेली ती मागणी होती. तिचे उत्तर काय मिळाले? १७ जानेवारी १९५६ रोजी बेळगाव-निपाणीत गोळ्या. त्या वेळच्या हुतात्म्यांत निपाणीच्या कमलाबाई मोहिते ह्यांचे नाव आहे. आणि त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला, राज्य पुनर्रचनेचा कायदा अमलात आला त्या दिवशी, मुंबई राज्यातले बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. तेव्हापासून सीमाभागातला मराठी माणूस १ नोव्हेंबर हा काळा दिन पाळतो.

योगायोग पाहा. ज्या हिवाळ्यात गोमंतकीयांच्या हाती कौलाची चिठ्ठी देण्याची तयारी चालली होती, त्याच हिवाळ्यात बेळगावच्या नशिबी एक आयोग आला. माजी सरन्यायाधीश मेहेरचंद महाजन ह्यांची नेमणूक ऑक्टोबर १९६६ मध्ये झाली आणि १९६७ च्या ऑगस्टमध्ये अहवाल आला. निपाणी, खानापूर, नंदगडासह २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे म्हैसूरला. बेळगाव शहर मात्र म्हैसूरमध्येच. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला, अंमल कोणीच केला नाही. म्हणजे खुद्द आयोगाने जी निपाणी महाराष्ट्राला दिली, तीही आजतागायत कर्नाटकातच आहे! २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. तो दावा अजून निकाली निघालेला नाही.

मतपेटी मिळाली नाही, आयोगाने ऐकले नाही, न्यायालयाची तारीख लागत नाही. मग त्या माणसाने बोलायचे कुठे? ज्या घरात त्याने आपल्या हाताने माणसे निवडून पाठवली, त्या नगरसदनात. तेवढी एकच जागा त्याला उरली होती.

कुलपाचा हिशोब

२७ ऑक्टोबर २००५ रोजी बेळगाव महापालिकेने ठराव केला. बेळगावसह वादग्रस्त सीमाभाग महाराष्ट्राला जोडावा, अशी त्यात मागणी होती. कोणी दगड मारला नाही, कोणाचे दुकान फोडले नाही. सभागृहात बसून, हात वर करून, कागदावर लिहून केलेली ती मागणी होती. पुढे काय झाले? नोव्हेंबर २००५ मध्ये बंगळुरात महापौर विजय मोरे ह्यांच्यावर हल्ला करून त्यांच्या तोंडाला काळे फासण्यात आले. एका शहराचा प्रथम नागरिक आणि राजधानीत त्याची ही संभावना! त्याच महिन्यात राज्य सरकारने महापालिकाच बरखास्त केली.

पुढचा फेरा २०११ चा. १ नोव्हेंबर २०११ च्या काळ्या दिनाच्या फेरीत महापौर मंदा बाळेकुंद्री सहभागी झाल्या. डिसेंबर २०११ मध्ये महापालिका पुन्हा बरखास्त झाली. नवे मतदान झाले मार्च २०१३ मध्ये. मधले पंधरा महिने शहरावर प्रशासक. आपल्या राज्यघटनेच्या कलम २४३-यू मध्ये साफ लिहिले आहे की पालिका बरखास्त केली तर सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यावी. सहाचे पंधरा कसे होतात, हे गणित कोणत्या शाळेत शिकवतात?

मार्च २०१३ ला लोकांनी पुन्हा महाराष्ट्र एकीकरण समितीच्या बाजूने कौल दिला. ५८ पैकी ३२ जागा. पण महापौराची निवड आरक्षणाच्या घोळात अडकून लांबली. पुढे त्या सभागृहाची मुदत मार्च २०१९ मध्ये संपली आणि नवी निवडणूक झाली सप्टेंबर २०२१ मध्ये. पुन्हा अडीच वर्षे प्रशासक. बरे, निवडणूक झाली, माणसे निवडून आली, तरी महापौर आणि उपमहापौर निवडले गेले ते फेब्रुवारी २०२३ मध्ये. म्हणजे निकालानंतर सतरा महिने नगरसेवक हे नावाचेच नगरसेवक होते.

शेवटच्या दोन विलंबांत सीमाप्रश्नाचा ठराव नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. निवडणुका लांबवणे हा रोग सगळीकडेच आहे. पण ज्या शहराच्या तोंडाला एकदा कुलूप घालायची सवय लागते, तिथे कुलूप काढायची घाई कोणालाच नसते. मराठी माणसाचे तोंड बंद करायला आणलेले कुलूप शेवटी शहरातल्या सगळ्यांच्याच दाराला लागते. कन्नड माणसाच्या गल्लीतले गटारही त्या महिन्यांत तुंबलेलेच होते.

ठराव मोठ्यांचा आणि ठराव लहानांचा

आता एक नवल ऐका. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न पुन्हा तापला. २२ डिसेंबरला कर्नाटकच्या विधिमंडळाने ठराव केला की एक इंचही जमीन देणार नाही. २७ डिसेंबरला महाराष्ट्राच्या विधिमंडळाने ठराव केला की बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह ८६५ गावांची इंच न् इंच जमीन घेऊ. दोन्ही सभागृहांनी हात वर केले, बाके वाजवली आणि माणसे घरी गेली. कोणाला कारणे दाखवा नोटीस आली? कोणते विधिमंडळ बरखास्त झाले? कोणाच्या तोंडाला काळे लागले?

काही नाही. आणि तसे होऊही नये. ठराव हे लोकशाहीतले बोलणे आहे. बोलण्यासाठीच तर सभागृह असते.

पण मग ज्यांच्या जमिनीबद्दल हे दोन मोठे भाऊ ठराव करतात, त्या जमिनीवर राहणाऱ्या माणसाने आपल्या सभागृहात तेच वाक्य उच्चारले तर तो गुन्हा कसा? बंगळूरला मत असावे, मुंबईला मत असावे, फक्त बेळगावला मत असू नये? आपल्याकडेही जानेवारी १९६५ मध्ये गोवा विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव केला होता. ठराव केला म्हणून कोणी विधानसभेला टाळे ठोकले नाही. उलट वाद वाढला तेव्हा लोकांनाच विचारावे, ह्या निर्णयाला देश आला. हा न्याय गोव्याला मिळाला, बेळगावला मिळाला नाही. आमचा जो काही युक्तिवाद आहे तो एवढाच आहे. बेळगाव महाराष्ट्रात यावे, हे आमचे मत आहेच. पण आमच्या मताशी जो सहमत नसेल त्यानेही एवढे कबूल करावे की ज्याची जमीन, त्याला तोंड असावे.

म्हणतील, महापालिकेचे काम रस्ते-गटारांचे, सीमेचे ठराव करणे हे तिचे काम नव्हे. ठीक. मग रस्ते-गटारांचे काय झाले तेही पाहू.

शिवारात शिरलेले पाणी

बेळगावच्या दक्षिणेला शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर, मच्छे ही शिवारे आहेत. काळी, कसदार जमीन. बेळगावचा सुवासिक बासमती तांदूळ ह्याच शिवारांचा. पावसाळ्यात भात, त्यानंतर ओलीवर कडधान्य, असा इथल्या शेतकऱ्याचा क्रम. खाजन शेती करणाऱ्या माझ्या बंधूंना वेगळे सांगायला नको की पाण्याच्या वाटेवरची शेती किती नाजूक असते.

ह्या शिवारांतून बळ्ळारी नाला वाहतो. नाला कसला, शहराचे सगळे सांडपाणी घेऊन जाणारी ती वाहिनीच झाली आहे. त्यात गाळ साचतो, जलपर्णी माजते, काठावर अतिक्रमणे होतात. पाऊस जोराचा झाला की नाला फुगतो आणि घाण पाणी उभ्या भातात शिरते. रोप कुजते, दुबार लावणी करावी लागते. ह्या नाल्याचा गाळ काढा, रुंदी राखा, सांडपाण्याची वेगळी वाट करा, ही मागणी तिथला शेतकरी वर्षानुवर्षे करीत आला आहे. ही मागणी मराठी नाही आणि कन्नडही नाही. ती भाताच्या रोपाची मागणी आहे!

आपल्या खाजनात मानशीचे दार वेळेवर पाडले नाही तर काय होते? भरतीचे खारे पाणी आत येते आणि शेत तीन वर्षांसाठी जाते. म्हणून मानशीवर जबाबदार माणूस नेमलेला असतो आणि तो चुकला तर गाव त्याला जाब विचारते. बळ्ळारी नाल्याच्या मानशीवरचा माणूस म्हणजे त्या वॉर्डाचा नगरसेवक. तोच नसेल तर जाब विचारायचा कोणाला? प्रशासक हा बदलीचा अधिकारी. तो आज आहे, उद्या दुसऱ्या जिल्ह्यात. त्याला वडगावच्या शेतकऱ्याच्या मताची गरज नाही आणि शेतकऱ्याला त्याच्या घराचा पत्ता माहीत नाही.

ह्याच शिवारांतून हलगा ते मच्छे असा वळणरस्ता काढायचे ठरले. हलग्याला सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पासाठी जमीन घेतली गेली. शेतकरी न्यायालयात गेले, बांधावर आडवे पडले. २०२१ च्या अखेरीस पोलीस बंदोबस्तात उभ्या पिकातून यंत्रे फिरली. शहराला शुद्धीकरण प्रकल्प नको, असे कोणी म्हणत नाही. रस्ता नको असेही नाही. पण कोणाची जमीन, किती, कोणत्या दराने, दुसरी वाट होती की नव्हती, हे प्रश्न जिथे विचारायचे ते सभागृह त्या काळात बराच वेळ रिकामे होते, हे कसे विसरावे? ज्या गावात भांडायला कोणी नसते त्या गावची जमीन आधी जाते. हे मोपाच्या पठारावरच्या शेतकऱ्याला विचारा, तो सांगेल.

न वाचता येणारी नोटीस

आता भाषेकडे येऊ. भाषेचा प्रश्न म्हटला की काही जण म्हणतात, पोट भरल्यावरची ही करमणूक आहे. मुळीच नव्हे. भाषा हा पोटाचाच प्रश्न आहे.

समजा, भूसंपादनाची नोटीस आली. हरकत घ्यायला ठरावीक दिवसांची मुदत आहे. नोटीस फक्त कन्नडमध्ये. शेतकरी सातवी शिकलेला, तोही मराठी शाळेत. तो ती नोटीस घेऊन कोणाकडे तरी वाचायला जातो, वाचणारा भेटेपर्यंत चार दिवस जातात, अर्थ लागेपर्यंत आठ, आणि वकील गाठेपर्यंत मुदत संपते. कायद्याने त्याला कळवले, प्रत्यक्षात त्याला काहीच कळले नाही. पोर्तुगीज अमदानीत आपल्या आजा-पणजांची काय दशा झाली होती? कागद पोर्तुगीजमध्ये, सही अंगठ्याची, आणि जमीन भाटकाराची! ज्या गोमंतकीयाने हे भोगले आहे त्याला बेळगावच्या शेतकऱ्याचे दुःख समजावून सांगावे लागू नये.

आणि हे मागणे काही जगावेगळे नव्हे. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे कोणालाही आपले गाऱ्हाणे राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडता येते. भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्राने १९५६ सालापासून जी संरक्षणे मान्य केली आहेत, त्यांत असे म्हटले आहे की जिथे अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ ते २० टक्के आहे, तिथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करावेत. बेळगाव शहरात, खानापुरात, निपाणीत मराठी माणूस ह्या प्रमाणाहून कितीतरी अधिक आहे. म्हणजे मागणी दयेची नाही, लिहून दिलेल्या शब्दाची आहे.

शब्द पाळायचा तर दूर, पाटीसुद्धा सोसत नाही. येळ्ळूरच्या वेशीवर ‘महाराष्ट्र राज्य’ असा फलक वर्षानुवर्षे उभा होता. जुलै २०१४ मध्ये तो न्यायालयाच्या आदेशाचा आधार देऊन पाडला. गावकऱ्यांनी पुन्हा उभारला, तेव्हा पोलिसांनी घराघरांत शिरून माणसांना झोडपले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला ‘बेळगाव’चे ‘बेळगावी’ झाले. डिसेंबर २०२० मध्ये महापालिकेच्या दारातच लाल-पिवळा ध्वज रोवला गेला. ज्या घरात सर्वांनी यायचे, त्या घराच्या उंबऱ्यावर एकाचाच झेंडा लावायचा, ह्याला काय म्हणावे?

कन्नड शेतकऱ्याशी आमचे वैर नाही, हे ठासून सांगतो. निपाणीचे तंबाखू आंदोलन आठवा. १९८१ च्या मार्चमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू पिकवणारे शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले. तंबाखूला भाव मागणाऱ्या त्या गर्दीत मराठी होते, कन्नडही होते. ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि १२ शेतकरी मेले. गोळीने कोणाची मातृभाषा विचारली नाही. घाम गाळणाऱ्यांचे भांडण एकमेकांशी नाहीच. भांडण आहे ते दोघांनाही न विचारता कागद रंगवणाऱ्यांशी.

घरचा आहेर

पण दुसऱ्याला बोलताना घरचे झाकून ठेवू नये. ६ सप्टेंबर २०२१ रोजी बेळगाव महापालिकेचा निकाल लागला. राष्ट्रीय पक्ष पहिल्यांदाच आपल्या चिन्हांवर उतरले होते. ५८ पैकी ३५ जागा भारतीय जनता पक्षाला गेल्या. समितीच्या पदरी बोटांवर मोजण्याइतक्याच जागा पडल्या. निवडून आलेल्यांत मराठी नावे कमी नाहीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडलेल्या महापौर शोभा सोमनाचे आणि उपमहापौर रेश्मा पाटील ह्याही मराठीच. म्हणजे मराठी माणसाने मराठी माणसाला मत दिले, पण समितीला दिले नाही.

असे का झाले? पैसा, दडपण, वॉर्डांची मोडतोड, ही कारणे सांगितली जातात आणि त्यांत तथ्यही असेल. पण सगळे खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडून भागत नाही. एका वॉर्डात दोन-दोन, तीन-तीन उमेदवार एकमेकांविरुद्ध उभे राहिले, ते कोणी उभे केले? निवडणूक आली की भगवा, आणि निवडणूक गेली की नगरसेवक गल्लीत दिसेनासा, असे किती वॉर्डांत घडले? लोक हुतात्म्यांना मान देतात, त्यांच्या नावाने डोळे पुसतात. पण हुतात्म्यांच्या नावावर नळाला पाणी येत नाही. ज्याने पाणी आणले त्याला लोकांनी मत दिले, त्यात लोकांचे चुकले काय?

चळवळीचे बळ नगरसदनात होते, आणि नगरसदनाचे बळ गल्लीत होते. बेळगावच्या प्रत्येक गल्लीला आपले पंच मंडळ असते, तालीम असते, देऊळ असते. तिथे बसून नगरसेवकाने महिन्याचा हिशोब द्यायचा, हीच खरी पाठशाळा होती. ती सुटली आणि बळ आटले. म्हणून सीमाभागातल्या लोकप्रतिनिधींना आमचे सांगणे थोडके आहे:

एक, दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी वॉर्डात बसा. किती फूट गटार बांधले, किती निधी आला, कोठे अडला, हे मराठीत वाचून दाखवा. ज्या गल्लीत कन्नड किंवा उर्दू घरे आहेत तिथे त्यांनाही त्यांच्या भाषेत सांगा. आपण जे मागतो ते आधी दुसऱ्याला द्यावे.

दोन, सभेची नोटीस, विषयपत्रिका आणि इतिवृत्त मराठीत मागा. प्रत्येक सभेत मागा. नाकारले तर नकार लेखी घ्या, आणि दर नकाराची प्रत घटनेच्या कलम ३५०-ब प्रमाणे नेमलेल्या भाषिक अल्पसंख्याक आयुक्ताकडे पाठवा. असा एकेक कागद जमत गेला की उद्या न्यायालयात तोच साक्ष देईल.

तीन, नाल्याचा आणि जमिनीचा प्रश्न पक्ष न पाहता हाती घ्या. भाजपचा नगरसेवक असो, काँग्रेसचा असो, वडगावच्या भातासाठी जो उभा राहील त्याच्या शेजारी उभे राहा. आणि जो मराठी मतांवर निवडून येऊन मराठी नोटिशीसाठी तोंड उघडत नाही, त्याचे नाव गल्लीच्या फळ्यावर लिहा.

गोमंतकीयाचा ह्यात काय संबंध?

कोणी म्हणेल, बेळगावचे बेळगावला, आम्ही आमची होडी बघू. बंधूंनो, होडी ज्या पाण्यावर तरंगते ते पाणी कोठून येते? म्हादई खानापूर तालुक्यात उगम पावते. कळसा नाल्याचे पाणी वळवायचे काम कणकुंबीला. म्हादई लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा देऊन कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाण्याचा वाटा दिला. त्यात पिण्यासाठी कळशाचे १.७२ आणि भांडुऱ्याचे २.१८ टीएमसी वळवायचे आहेत. वरचे गोडे पाणी कमी झाले की खालून खारे पाणी मांडवीत वर चढते. मग दिवाडी-चोडणच्या खाजनाचे काय, तिसऱ्यांचे आणि काळुंद्रांचे काय, हे मच्छीमाराला कोणा पंडिताने शिकवायला नको.

आणि ह्या पाटाच्या तोंडाशी राहतो कोण? कणकुंबीचा मराठी शेतकरी. त्याच्या रानातून कालवा खणला गेला. त्याच्या विहिरीची पातळी काय होणार, त्याच्या गावाला काय मिळणार, हे त्याच्या भाषेत त्याला नीट सांगितले गेले असते आणि त्याच्या पंचायतीचे ऐकले गेले असते, तर गोव्याला त्या डोंगरावर सर्वांत जवळचा साक्षीदार मिळाला असता. आपण लवादापुढे वकील उभे केले, ते योग्यच. पण उगमाजवळच्या माणसाशी आपण किती बोललो? त्याचे तोंड बांधलेले राहिले तर नुकसान त्याचे एकट्याचे होत नाही. त्याच्या तोंडाला बांधलेली दोरी खाली मांडवीपर्यंत येते.

गोमंतकीयाला वाचलेल्या कागदाची किंमत माहीत आहे. प्रादेशिक आराखडा २०११ लोकांनी नकाशे उघडून वाचला, आपापल्या गावाचे रंग तपासले, रस्त्यावर आले, आणि २००७ च्या सुरुवातीला सरकारला तो मागे घ्यावा लागला. का? नकाशा लोकांच्या हाती पडला आणि लोकांना तो कळला म्हणून. बेळगावच्या शेतकऱ्याला ह्याहून अधिक काही नको आहे. त्याला कागद कळावा आणि कळल्यावर बोलता यावे.

म्हणून आपल्या पंचायतीच्या पुढच्या ग्रामसभेत दोन गोष्टी करा. पहिली, आपल्या पंचाकडून आपल्या वॉर्डाचा हिशोब मागा. ज्याला स्वतःच्या दारात जाब विचारता येत नाही, त्याने शेजाऱ्याच्या दारातल्या अन्यायावर बोलू नये. दुसरी, म्हादईच्या खोऱ्यातल्या, मग ती घाटावरची असोत वा घाटाखालची, सर्व गावांना पाण्याचे आणि जमिनीचे कागद त्यांच्या भाषेत मिळावेत, असा ठराव मांडा. आपल्या ग्रामसभेने असा ठराव केला म्हणून तिला कोणी कुलूप लावणार नाही. हे भाग्य आपल्याला आहे, बेळगावला नाही. असलेल्या भाग्याचा उपयोग नसलेल्यासाठी करावा, ह्यालाच शेजारधर्म म्हणतात.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येईल तेव्हा येईल. तो कसाही येवो, त्या दिवशीही वडगावच्या नाल्याला गाळ असेल आणि कणकुंबीच्या पंचायतीत एक नोटीस लागलेली असेल. ती तिथल्या शेतकऱ्याला वाचता आली पाहिजे, आणि ती वाचून त्याने जो हात वर केला तो मोजला गेला पाहिजे. बेळगावचा मराठी माणूस १९४८ पासून एवढेच मागतो आहे.